डबीतला गारवा

सुरतेत अमृतधारा विकतची आणण्यापेक्षा घरी करणारी माणसं अजून आहेत. गांधीच्या दुकानात, म्हणजे सुंठ, हिरडा, ज्येष्ठमध असल्या सुक्या औषधांच्या दुकानात, अमृतधारेचं सामान मागितलं की दुकानदार काही न विचारता तीन पुड्या बांधतो. एकीत पेपरमिंटची फुलं, दुसरीत ओव्याची, म्हणजे तिथल्या बोलीत अजम्याची फुलं, आणि तिसरीत कापूर. फुलं म्हणायची, पण तिन्ही पुड्यांत पाकळी कुठेच नसते. पेपरमिंटची फुलं म्हणजे काचेच्या सुयांसारखे लांबट, चकचकीत स्फटिक. ओव्याची जरा जाड आणि उग्र वासाची. कापूर तर ओळखीचाच.

कोरडी, घट्ट बुचाची काचेची बाटली घ्यायची, तिन्ही जिन्नस समभाग घालायचे आणि बूच लावून हलवत राहायचं. पाण्याचा थेंबही घालायचा नाही. थोड्याच वेळात स्फटिकांच्या कडा ओलसर दिसायला लागतात, मग ते एकमेकांना चिकटतात आणि पाहता पाहता बाटलीच्या तळाशी स्वच्छ पातळ द्रव जमतो. हीच अमृतधारा. पोटात वात धरला तर साखरेवर किंवा बत्ताशावर दोन थेंब, डोकं दुखलं तर कपाळाला बोट, दाढ ठणकली तर कापसाचा बोळा, सर्दीला गरम पाण्यात थेंब टाकून वाफारा. लिंबायत, उधना, पांडेसरा या भागांत खानदेशातून येऊन स्थिरावलेली जी मराठी घरं आहेत, त्यांनाही ही बाटली गुजराती शेजाऱ्यांइतकीच परिचयाची.

तीन कोरड्या पदार्थांचं पाणी होतं यात जादू नाही. शुद्ध मेंथॉल, म्हणजेच पेपरमिंटची फुलं, ४२ अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतं. ओव्याची फुलं म्हणजे थायमॉल, ते ५० अंशांच्या आसपास. कापराला तर पावणेदोनशे अंश लागतात. पण घन पदार्थ घन राहतो तो त्याचे रेणू ठरावीक रांगांत बसतात म्हणून. तिन्ही एकत्र आले की एकाचे रेणू दुसऱ्याच्या रांगांत घुसतात, मेंथॉल आणि थायमॉल कापराला धरून ठेवतात आणि कुणालाच आपली रांग नीट लावता येत नाही. मिश्रणाचा वितळणबिंदू घसरत घसरत खोलीच्या तापमानाच्याही खाली जातो. रसायनशास्त्रात अशा मिश्रणाला यूटेक्टिक म्हणतात. गांधीच्या गिऱ्हाइकाला हा शब्द ठाऊक नसतो. प्लॅस्टिकची बाटली घ्यायची नाही हे मात्र पक्कं ठाऊक असतं, कारण हा द्रव प्लॅस्टिक खातो.

परंपरेचं वय

अमृतधारा म्हटलं की आपण डोळे मिटून ती ऋषिमुनींच्या काळात नेऊन ठेवतो. तिचा जन्म मात्र कोर्टाच्या कागदांत नोंदलेला आहे. लाहोरचे पंडित ठाकूरदत्त शर्मा यांनी १९०१ साली 'अमृत की धारा' या नावाने हे औषध बाजारात आणलं आणि १९०३ मध्ये नाव आटोपशीर करून 'अमृतधारा' ठेवलं. खप एवढा वाढला की नकलाही निघाल्या. 'लक्ष्मणधारा' नावाच्या औषधाशी झालेला नावाचा वाद थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. १९६२ च्या त्या निकालात न्यायालयाने म्हटलं की ही दोन नावं कानाला इतकी सारखी आहेत की साधंभोळं गिऱ्हाईक फसेल. तरीही लक्ष्मणधारा बरीच वर्षं उघडपणे विकली जात होती आणि त्यावर वेळीच हरकत घेतली गेली नव्हती, म्हणून तिला उत्तर प्रदेशापुरती नोंदणी मिळाली. व्यापारचिन्हांचा कायदा शिकणारा प्रत्येक विद्यार्थी आजही हा खटला वाचतो.

आता याच काळातली बाकीची नावं पाहा. काशीनाधुनी नागेश्वर राव यांनी अमृतांजन काढलं ते १८९३ साली, मुंबईत. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनात लन्सफर्ड रिचर्डसन या औषधविक्रेत्याने पुढे व्हिक्स म्हणून गाजलेलं मलम बनवलं ते १८९० च्या दशकात. रंगूनमध्ये टायगर बामचा उगमही त्याच पिढीतला. मुंबई, लाहोर, रंगून, नॉर्थ कॅरोलायना: एकमेकांचा पत्ता नसलेली माणसं पंधरा-वीस वर्षांच्या आत एकाच वासाची औषधं बनवायला लागली. हा योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. त्या सुमारास जगभरच्या बंदरांत एक नवा माल सहज मिळू लागला होता, जपानहून येणारे मेंथॉलचे स्फटिक.

चहातला पुदिना वेगळा

इथे पुष्कळांचा घोटाळा होतो. सुरत-नवसारीकडच्या पारशी घरांत चहात गवती चहाबरोबर पुदिन्याच्या काड्या पडतात. गुजराती घरांतही 'फुदिनो' चहात असतोच. लोचो या सुरती पदार्थाबरोबरच्या हिरव्या चटणीत तो असतो, उसाच्या रसात असतो. मग डबीतला गारवा याच पुदिन्यातून येतो असं वाटणं साहजिक आहे.

पण बाजारात जुडीने मिळणारा आपला पुदिना बहुतेक वेळा मेंथा स्पिकाटा या जातीचा असतो. त्याच्या तेलात मुख्य घटक असतो कार्व्होन, मेंथॉल नावापुरतंच. पानं चावून पाहा: वास भरपूर, चव तरतरीत, पण पेपरमिंटची गोळी चघळून वर पाणी प्यायल्यावर घशात जो बर्फाळ झटका बसतो, तो इथे नसतो. तो झटका देणाऱ्या जाती दोन. एक पेपरमिंट, म्हणजे पाणपुदिना आणि आपला साधा पुदिना यांच्या संकरातून युरोपात आलेली जात. दुसरी मेंथा आर्व्हेन्सिसची जपानी जात, जिच्या तेलात ७० ते ८० टक्के मेंथॉल असतं. पेढीवरचा माल आणि औषधातली फुलं जवळपास सगळी या दुसरीची.

जुन्या ग्रंथांतही पुदिन्याला फार मोठं आसन नाही. चरक-सुश्रुतात तो त्याच्या नावाने ठळक भेटत नाही. आपल्याकडच्या औषधांत त्याचा राबता वाढला तो युनानी हकिमांमुळे. अर्क-पुदिना, जेवणानंतरची पाचक चाटणं, ओकारी आणि अपचनावरचे काढे यांतून तो घराघरांत शिरला आणि उशिराच्या निघंटूंनी त्याला वातहर, रुची आणणारा, पाचक असे गुण देऊन आपल्यात घेतलं. या साऱ्या उपचारांत वापर होता तो पानांचा आणि अर्काचा. पानातून एकच रेणू सुटा काढून तो चिमटीने मोजून देणं ही त्यानंतरची गोष्ट.

लायडन, कितामी, रामपूर

सुरतेत कतारगाम दरवाज्याजवळ डचांचं जुनं कबरस्तान आहे. तिथल्या सर्वांत भव्य थडग्यात हेंड्रिक व्हान ऱ्हीड हा डच अधिकारी पुरलेला आहे. मलबारच्या औषधी वनस्पतींवर 'होर्तुस मलाबारिकुस' हा बारा खंडांचा ग्रंथ त्याने वैद्यांच्या आणि पंडितांच्या मदतीने तयार करवला, आणि सुरतेच्या वाटेवर असताना १६९१ मध्ये तो वारला. हिंदुस्थानातल्या झाडपाल्याची माहिती हॉलंडला नेणाऱ्या या माणसानंतर ८० वर्षांनी, १७७१ मध्ये, त्याच हॉलंडातल्या लायडन विद्यापीठात गाउबियुस या प्राध्यापकाने पेपरमिंटच्या तेलातून कापरासारखे स्फटिक वेगळे केल्याची नोंद केली. त्या स्फटिकांना मेंथॉल हे नाव मिळायला पुढे आणखी ९० वर्षं जावी लागली.

युरोपने रेणू शोधला, पण तो मणांनी पिकवला जपानने. होक्काइदो बेटावरचं कितामी गाव दुसऱ्या महायुद्धाच्या आधी जगाच्या पुरवठ्यातला सुमारे ७० टक्के माल देत होतं. युद्धात तो मार्ग बंद पडला आणि धंदा ब्राझीलमध्ये गेलेल्या जपानी शेतकऱ्यांकडे सरकला, मग चीनकडे. आपल्याकडे ही जपानी जात आली १९५० च्या दशकात, जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेमार्फत. १९६० च्या दशकात व्हिक्स बनवणाऱ्या कंपनीने आयात टाळण्यासाठी उत्तर प्रदेशाच्या तराईत शेतकऱ्यांना हे पीक लावायला लावलं. खरी उसळी आली ती लखनौच्या सीमॅप या केंद्रीय संस्थेने हिमालय आणि कोसी हे वाण दिल्यावर, १९९० च्या दशकात. बाराबंकी, रामपूर, संभल, बदायूँ हा पट्टा आज जगाला मेंथॉल पुरवतो, आणि मुंबईच्या एमसीएक्स बाजारात २००५ पासून सोन्याचांदीच्या रांगेत मेंथा तेलाचेही वायदे होत आले आहेत.

जानेवारी-फेब्रुवारीत मुळ्या लावायच्या, दर आठ-दहा दिवसांनी पाणी द्यायचं, आणि पावसाच्या आत, मे-जूनमध्ये, कापणी उरकायची. गावातच लोखंडी टाकीत पाला ठेचून भरतात, खालून वाफ सोडतात आणि थंड नळीतून ठिबकणारं तेल पाण्यावर तरंगलं की वरच्यावर काढून घेतात. शंभर किलो हिरव्या पाल्यातून किलोभरही तेल निघत नाही. पुढे कारखान्यात ते तेल टप्प्याटप्प्याने गार केलं की मेंथॉल स्फटिकरूपाने खाली बसतं. हे जितकं सावकाश होईल तितक्या सुया लांब. गांधीच्या पुडीतल्या सुया एवढ्या ऐटदार असतात, त्यामागे या थंड खोल्यांतली ही सबुरी असते.

बाटलीतल्या ओव्याच्या फुलांचं पेपरमिंटच्या फुलांशी रक्ताचं नातं आहे. थायमॉलच्या रेणूला हायड्रोजनचे सहा अणू जोडले की मेंथॉल तयार होतं. जर्मन कारखान्यांनी याच वाटेने कृत्रिम मेंथॉल बनवलं. एके काळी हिंदुस्थानातला ओवा थायमॉल काढण्यासाठी जहाजांनी जर्मनीला जात असे; पहिल्या महायुद्धाने तो व्यापार तोडला. जपानमध्ये र्‍योजी नोयोरी यांच्या पद्धतीने टर्पेंटाइनच्या घटकांपासून मेंथॉल बनू लागलं आणि नोयोरींना २००१ चं नोबेल मिळालं. त्यामुळे आता शेतातला रेणू आणि कारखान्यातला रेणू यांत चवीचाही फरक करता येत नाही. मात्र रेणूचा डावा-उजवा पाहावा लागतो. मेंथॉलची आठ रूपं असतात, आणि खरा दमदार गारवा देणारं त्यातलं एकच. पुदिन्याचं झाड नेमकं तेच बनवतं.

थंडी नसते, थंडीची वर्दी असते

कपाळाला बाम चोळल्यावर गार वाटतं, म्हणून तापमापक लावून पाहिला तर पारा कपाळ गार झाल्याचं सांगत नाही. मग गार काय होतं?

याचं उत्तर २००२ मध्ये मिळालं. डेव्हिड ज्यूलियस आणि आर्डेम पॅटापूटियन यांच्या गटांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, मज्जातंतूंच्या टोकांवरचं टीआरपीएम८ नावाचं प्रथिन शोधलं. दोघांनीही त्यासाठी मेंथॉलच वापरलं होतं. २०२१ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल या दोघांना मिळालं. हे प्रथिन पेशीच्या भिंतीतलं एक दार असतं. त्वचा २५ ते २८ अंशांच्या खाली गेली की ते उघडतं, आयन आत शिरतात आणि मेंदूला 'थंड' अशी वर्दी जाते. त्वचेचं नेहमीचं तापमान साधारण ३२ ते ३४ अंश, म्हणून एरवी हे दार बंद. मेंथॉल दारात येऊन बसलं की त्याचा उंबरठा सरकतो आणि ते नेहमीच्या ऊबेतही उघडतं. दारात कुणी नसताना घंटा वाजावी, तशी ही थंडीची वर्दी. वर पाणी प्यायल्यावर झटका दुप्पट बसतो, कारण आधीच अर्धवट उघडलेल्या दाराला थोडासाही खरा थंडावा पुरतो.

नाकाचंही तेच. सर्दीत बामचा वास घेतला की नाक मोकळं झालं असं वाटतं. ब्रिटनमधल्या कार्डिफचे संशोधक रोनाल्ड एकल्स यांनी १९८० च्या दशकात नाकातून जाणारी हवा प्रत्यक्ष मोजली. मेंथॉलने हवेच्या वाटेत फरक पडला नव्हता. लोकांना मात्र श्वास मोकळा वाटत होता. नाकातल्या थंडीच्या तंतूंवरून मेंदू हवेचा अंदाज घेतो, आणि मेंथॉल त्या तंतूंना चाळवतं.

म्हणजे हे सगळं थोतांड का? तसं म्हणता येणार नाही. दुखण्याची वर्दी आणि थंडीची वर्दी मज्जारज्जूत एकाच वाटेवर येतात, आणि थंडीची जोरदार असली की दुखणं मागे पडतं. ठणकणाऱ्या कपाळावर बाम चोळणारी आजी आणि सांध्यावर मेंथॉलची पट्टी लावणारा खेळाडू हे एकाच तत्त्वावर चालतात. पोटात तर मेंथॉल वर्दीपुरतं थांबत नाही. आतड्याच्या गुळगुळीत स्नायूंत कॅल्शियमच्या वाटा ते अडवतं आणि पीळ सैल होतो. आतड्याच्या चिडचिडेपणावर, म्हणजे आयबीएसवर, आतड्यात जाऊन फुटणाऱ्या पेपरमिंट तेलाच्या कॅप्सूल आता अमेरिकेतली पोटविकारतज्ज्ञांची संघटनाही सुचवते. वातावर पुदिना देणारे हकीम आणि वैद्य बरोबर होते.

पण तोच सैलपणा अन्ननलिकेच्या खालच्या झडपेलाही येतो. म्हणून छातीत जळजळत असताना अमृतधारा घेतली तर घशात गार आणि छातीत आग, असा उफराटा अनुभव येतो.

कायद्याच्या पानावरचा आयुर्वेद

व्हिक्सच्या भारतीय डबीवरची घटकांची यादी वाचली की सुरतेची बाटली आठवेल. पुदिना के फूल, कर्पूर, अजवायन के फूल ही अमृतधारेची तिन्ही नावं तिथे आहेत. शिवाय निलगिरी, टर्पेंटाइन आणि जायफळाचं तेल. अमेरिकेत औषधविक्रेत्याने बनवलेलं मलम भारतात आयुर्वेदिक कसं झालं, हे त्या कंपनीचे तेव्हाचे प्रमुख आणि पुढे लेखक म्हणून गाजलेले गुरुचरण दास यांनी स्वतः लिहिलं आहे. १९८० च्या दशकात औषधविक्रेत्यांच्या बहिष्काराने विक्री अडली, तेव्हा कंपनीच्या ध्यानात आलं की आपल्या मलमातले घटक आयुर्वेदाच्या मान्य ग्रंथांत दाखवता येतात. तशी नोंदणी मिळाली. आयुर्वेदिक औषधाला औषधाच्या दुकानाचा परवाना लागत नसल्याने मग किराणा दुकानातही डबी विकता येऊ लागली.

यात लबाडी शोधायची गरज नाही. औषध कायद्याला एखादा पदार्थ ग्रंथात आहे की नाही एवढंच पाहायचं असतं. त्याच्या शुद्ध रेणूचा काळ, तो कुठल्या बंदरातून आला, हे त्याला विचारायचं नसतं. परंपराही तेच करते. वैद्यांनी पुदिना हकिमांकडून घेतला, लाहोरच्या पंडिताने जपानी स्फटिक घेतले, सुरतेच्या गृहिणीने ते बत्ताशावर टाकले. गुण दिसला, म्हणून ठेवलं. प्रश्न उभा राहतो तो 'आयुर्वेदिक' या शब्दाचा अर्थ 'कितीही घ्या' असा लावल्यावर.

मात्रा

एका थेंबाचा आणि दहा थेंबांचा गुण एक नसतो. मेंथॉल जास्त झालं की गारव्याच्या जागी आग होते आणि जागा बधिर पडते. त्यात बाटलीतला कापूर आणखी वाईट: लहान मुलाने गिळला तर झटके येऊ शकतात. तान्ह्या बाळाच्या नाकाजवळ बाम किंवा अमृतधारा लावली तर श्वासनलिकेचं तोंड आकसून श्वास अडकण्याचा धोका असतो. दोन वर्षांच्या आतल्या मुलांना हे लावू नये, हा इशारा डब्यांवर छापलेला असतो, पण तो इतक्या बारीक अक्षरांत की आजीच्या चष्म्याला दिसत नाही.

सुरतेपुरता एक इशारा आणखी जवळचा आहे. रक्तातल्या लाल पेशींना जपणाऱ्या जी६पीडी या विकराची काहींमध्ये जन्मतः कमतरता असते. पारशी समाजात ही कमतरता जास्त आढळते हे १९६० च्या दशकापासून ठाऊक आहे. सुरतेत स्थायिक झालेल्या वाटलिया प्रजापती समाजातही तिचं प्रमाण मोठं असल्याचं तिथल्या अभ्यासकांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलं. अशा नवजात बाळाच्या अंगाला किंवा नाळेला मेंथॉल लागलं तर कावीळ धोक्याच्या पातळीला जाऊ शकते; नायजेरियातल्या डॉक्टरांनी हे नोंदलेलं आहे. डांबरगोळ्यांच्या वासाच्या कपड्यांपासून अशी बाळं दूर ठेवायला सांगतात, ते याच कारणाने.

मेंथॉलची आणखी एक बाजू औषधात मोडत नाही. पानमसाल्याला जी 'ठंडक' असते, ती याच सुयांची. तंबाखूचा आणि सुपारीचा चरका घसा स्वतःहून सांगत असतो. मेंथॉल त्याचं तोंड दाबतं. युरोपीय महासंघाने मेंथॉलच्या सिगारेटी २०२० मध्ये बंद केल्या त्या यासाठीच. गुजरात आणि महाराष्ट्रात २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली, पण थंडगार पुड्यांची सवय त्याने सुटली नाही.

तेव्हा डबी किंवा बाटली हातात घेताना ती किती जुनी आणि कुठल्या शास्त्राची हा प्रश्न मागे ठेवावा आणि आधी तीन गोष्टी पाहाव्यात. आत मेंथॉल आणि कापूर किती टक्के आहे. ज्याला लावायचं त्याचं वय काय. आणि त्याचं दुखणं या औषधाने खरंच हलतं की फक्त झाकलं जातं. गुबारा धरलेल्या पोटाला दोन थेंबांनी उतार पडतो. तीन आठवडे न हटणारा खोकला मात्र मेंथॉलच्या गोळ्यांनी फक्त निमूट होतो, आणि तो डॉक्टरला दाखवायचा असतो.